बेसबॉलचे जुने हिवाळे एका तक्त्यावर (१८६९–१९०३): कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

काम असं आहे: १८६९ ते १९०३ या काळातला अमेरिकन व्यावसायिक बेसबॉल हिवाळ्या-हिवाळ्याने एका लांब तक्त्यावर मांडायचा. हंगाम संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत कोण कुठे गेलं, कुठला क्लब मोडला, कुठला नियम झाला, एवढंच त्यात येणार. सामने घ्यायचे नाहीत. तक्ता आमच्या क्लबच्या खोलीत लागेल. आमची मुलं-मुली जीव तोडून खेळतात, पण त्यांच्या खेळाचा व्यवसाय कसा झाला हे त्यांना कधी कोणी सांगत नाही. तयार तक्ते मिळतात त्यांवर विजेत्यांची नुसती यादी असते. त्या काळात विजेता बऱ्याचदा आधीच्या हिवाळ्यातच ठरून गेलेला असायचा, आणि मला तेच दाखवायचं आहे.

साहित्य: लाहमन डेटाबेसच्या फाइली (१८७१ पासून कुठला खेळाडू कुठल्या वर्षी कुठल्या संघात होता ते त्यांत मिळतं), लिब्रेऑफिस (तक्त्याची आकडेमोड करायला), इंकस्केप (चित्र आखायला) आणि मुक्ता फॉन्ट. हे सगळं मोफत आहे. पैसे लागतील ते छपाईला.

६ नोव्हेंबर

पहिली अडचण तारखांची. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख कळत नाही. २० जानेवारी १८७१ लिहिलं की तो त्याला साधा मजकूर समजतो आणि क्रम लावला की सगळ्या ओळी विस्कटतात. लिब्रेऑफिसला जुन्या तारखा कळतात, पण हीच फाइल दुसऱ्या कोणी एक्सेलमध्ये उघडली की पुन्हा तोच घोळ. शेवटी तारखेचा रकानाच काढून टाकला. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने केले आणि चौथा 'हिवाळा', त्यात १८७०–७१ असं लिहायचं. यात एक सोय आपसूक झाली. ज्या घटनेचा नेमका दिवस ठाऊक नाही तिथे दिवसाचा रकाना रिकामा ठेवता येतो, खोटी तारीख भरावी लागत नाही. असं काम कोणी करणार असेल तर पहिल्या दिवसापासून असंच करावं.

९ नोव्हेंबर

पहिला हिवाळा भरला: १८७०–७१.

सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ. १८६९ मध्ये तो एकही सामना हरला नाही. कर्णधार हॅरी राइट मूळचा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, क्रिकेटमध्ये वाढलेला. वडीलही क्रिकेटवर पोट भरणारे. हॅरीचा पगार १,२०० डॉलर आणि धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, उभा राहायचा त्याचा १,४००. जून १८७० मध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक्सनी त्यांना ११ डावांत ८–७ असं हरवलं, पुढे प्रेक्षक आटले, आणि नोव्हेंबरात क्लबने जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी संघ ठेवणार नाही.

आता खरी गंमत. २० जानेवारी १८७१ ला बॉस्टनमध्ये नवा क्लब स्थापन झाला आणि हॅरी तिकडे गेला. जाताना जॉर्ज, चार्ली गूल्ड आणि कॅल मॅकव्हे यांना तर त्याने नेलंच, 'रेड स्टॉकिंग्ज' हे नावसुद्धा नेलं. इलिनॉयमधल्या रॉकफर्डहून पिचर (चेंडू टाकणारा) अल स्पॉल्डिंग आणि रॉस बार्न्स आणले. सिनसिनाटीचे उरलेले बरेच जण वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक्सकडे गेले. १७ मार्चला न्यूयॉर्कमध्ये नॅशनल असोसिएशन ही पहिली व्यावसायिक संघटना उभी राहिली, प्रवेश फी १० डॉलर. ४ मेला पहिला सामना झाला. नोव्हेंबर ते मार्च एवढ्या अवधीत एक मोठा संघ मोडला, दुसरा उभा राहिला आणि लीगही आली. १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदं बॉस्टनने घेतली. त्याचं बीज या एका हिवाळ्यात आहे, म्हणून तक्त्यावर हा रकाना रुंद ठेवलाय.

१३ नोव्हेंबर

बदल्या हाताने शोधत बसलो तर काम वर्षभर पुरेल, म्हणून सूत्र लावलं. फलंदाजीच्या फाइलीत खेळाडूचा संकेत, वर्ष आणि संघाचा संकेत असतो. खेळाडू आणि वर्षाप्रमाणे क्रम लावायचा आणि एकाच खेळाडूच्या लागोपाठच्या दोन वर्षांत संघ वेगळा दिसला की 'हलला' असं लिहून घ्यायचं. वर्षात दोन संघांकडून खेळलेल्यांसाठी 'स्टिंट'चा (त्या वर्षातला कितवा संघ) रकाना बघावा लागतो: आधीच्या वर्षाचा शेवटचा स्टिंट, पुढच्याचा पहिला.

सूत्र चाललं, पण १८७५–७६ च्या हिवाळ्यात जवळजवळ सगळं बेसबॉल जागेवरून हललेलं दिसायला लागलं. कारण साधं आहे. नॅशनल असोसिएशनमधल्या बॉस्टनचा संकेत बीएस१ आणि १८७६ च्या नॅशनल लीगमधल्या बॉस्टनचा बीएसएन. शिकागोचं तसंच, सीएच२ चं सीएचएन झालं. माणूस त्याच गावात, त्याच क्लबात, पण सूत्राला तो परका. उपाय म्हणून एक छोटा जोडतक्ता केला: कुठला संकेत पुढच्या कुठल्या संकेताचा वारस. हे हातानेच करावं लागतं, कारण त्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो. गाव तेच म्हणून क्लब तोच, असं धरून चालत नाही. १८८० नंतर सिनसिनाटीचा जुना क्लब लीगबाहेर गेला आणि १८८२ मध्ये त्याच गावात आला तो वेगळा.

शिकागोची आणखी एक गाठ होती. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत त्यांचं मैदान, कपडे, सगळं जळालं. उरलेले सामने त्यांनी उसन्या गणवेशात बाहेरगावी खेळून हंगाम पुरा केला आणि पुढची दोन वर्षं संघ मैदानात उतरलाच नाही. सूत्र म्हणतं, सगळे खेळाडू क्लब सोडून गेले. खरं तर त्यांना सोडायला क्लबच उरला नव्हता. त्यामुळे 'कारण' नावाचा रकाना वाढवला.

१९ नोव्हेंबर

आज हिवाळ्याची व्याख्याच मोडली.

नियम ठरवला होता: शेवटच्या सामन्यापासून पुढच्या पहिल्या सामन्यापर्यंत. पण शिकागो क्लबचा कारभारी विल्यम हल्बर्ट थांबायला तयार नव्हता. १८७४–७५ च्या हिवाळ्यात त्याचा शॉर्टस्टॉप डेव्ही फोर्स याने आधी शिकागोशी आणि मग फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्सशी, असे एकाच हंगामासाठी दोन करार केले. असोसिएशनने आधी शिकागोच्या बाजूने निकाल दिला. मग फिलाडेल्फियाचाच माणूस असोसिएशनचा अध्यक्ष झाला आणि निकाल फिरला. हल्बर्टने यातून धडा घेतला की पूर्वेकडच्या क्लबांच्या हातात न्याय असेल तर आपल्याला तो मिळणार नाही.

१८७५ चा हंगाम चालू असतानाच त्याने बॉस्टनचे चार मोहरे पुढच्या वर्षासाठी फोडले: स्पॉल्डिंग, बार्न्स, मॅकव्हे आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) डीकन व्हाइट. शिवाय फिलाडेल्फियाहून कॅप ॲन्सन. बातमी जुलैतच फुटली. तरी बॉस्टनने तो हंगाम ७१–८ (७१ विजय, ८ पराभव) असा जिंकला. चालू हंगामात दुसऱ्याचे खेळाडू घेतल्याबद्दल असोसिएशन हकालपट्टी करील अशी धास्ती होती, तेव्हा हल्बर्टने संघटनाच नवी काढली. २ फेब्रुवारी १८७६ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल हॉटेलात आठ क्लबांची नॅशनल लीग जन्मली. ती आजही चालू आहे.

ॲन्सनची गोष्ट तक्त्यावर दोन ओळींत बसवणं जड गेलं. होणाऱ्या बायकोला फिलाडेल्फिया सोडायचं नव्हतं, म्हणून करारातून सुटण्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातून १,००० डॉलर देऊ केले. शिकागोने नकार दिला. तो आला, आणि सरावाला प्रिन्स अल्बर्ट कोट (लांब, समारंभी कोट) घालून उभा राहिला. थोड्या वेळाने हात शिवशिवायला लागले आणि त्याच कोटात तो चेंडू फेकू-झेलू लागला. दुसऱ्या दिवशी गणवेश घालून आला आणि पुढची २२ वर्षं शिकागोकडूनच खेळला. १८७६ मध्ये शिकागो ५२–१४ ने पहिलं, बॉस्टन चौथं.

तर तारखा आता दोन ठेवल्यात: करार कधी झाला आणि तो कुठल्या हंगामाला लागू. तक्त्यावर जागा लागू होण्याच्या हिवाळ्यात, कराराची तारीख बारीक अक्षरात खाली.

२३ नोव्हेंबर

१८७७–७८. सामने मुद्दाम हरल्याच्या प्रकरणात लुइव्हिलच्या चौघांवर कायमची बंदी. त्यातल्या डेव्हलिन आणि हॉल यांच्याशी सेंट लुइसने पुढच्या वर्षाचा करार केलेला होता. लुइव्हिल आणि सेंट लुइस दोन्ही क्लब लीगमधून बाहेर. एकाच ओळीत बसलं.

२८ नोव्हेंबर

या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना आज सापडला: 'कोणी ठरवलं?'

१८७० च्या दशकातल्या बदल्या एका खाली एक वाचत होतो. राइट गेला, स्पॉल्डिंग गेला, व्हाइट गेला. करार एका वर्षाचा असायचा, संपला की माणूस मोकळा. १८७९ मध्ये जॉर्ज राइट बॉस्टन सोडून प्रॉव्हिडन्सला गेला आणि थोरल्या भावाच्या बॉस्टनला मागे टाकून विजेता ठरला. इथवर सगळे आपल्या पायांनी चाललेत.

मग २९ सप्टेंबर १८७९. बफेलोमध्ये मालकांची बैठक झाली आणि गुपचूप ठरलं की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू 'राखीव' ठेवायचे. त्या पाचांना बाकीच्या क्लबांनी हात लावायचा नाही. आयपीएलच्या रिटेन्शनसारखं वाटेल, पण इथे लिलाव नव्हता, मुदत नव्हती, आणि खेळाडूला कोणी विचारलंही नव्हतं. पगार वाढू नयेत हा हेतू. जॉर्ज राइटला प्रॉव्हिडन्सने राखून ठेवलं; त्याला तिथे राहायचं नव्हतं. १८८० मध्ये विजेत्या संघाचा हा कर्णधार जेमतेम एक सामना खेळला. पुढे पाचाचे अकरा झाले आणि १८८७ पर्यंत चौदा, म्हणजे जवळपास अख्खा संघ.

म्हणून आता प्रत्येक ओळीला रंग: निळा म्हणजे खेळाडूने ठरवलं, तांबडा म्हणजे क्लबने, नारिंगी म्हणजे लीगने. कोर्टासाठी काळा. मागे जाऊन सगळ्या ओळी रंगवल्या. त्यात आजची अख्खी संध्याकाळ गेली. पण १८७९ च्या डावीकडे निळं आणि उजवीकडे हळूहळू तांबडं होत जाणारं ते चित्र बघितल्यावर मला वाटलं की मुलांना दुसरं काही समजावायची गरज नाही.

५ डिसेंबर

१८८६–८७. माइक केली, ज्याला सगळे 'किंग' म्हणत, १८८६ मध्ये फलंदाजीत .३८८ सरासरीने (म्हणजे हजार संधींत ३८८ यशस्वी फटके) लीगमध्ये पहिला. १४ फेब्रुवारी १८८७ ला शिकागोने त्याला बॉस्टनला १०,००० डॉलरला विकलं. ते पैसे शिकागोच्या तिजोरीत गेले, केलीच्या नाही. लीगची पगाराची कमाल मर्यादा २,००० डॉलर होती, म्हणून बॉस्टनने पगार २,००० दाखवला आणि त्याचं छायाचित्र वापरण्याचे ३,००० वेगळे दिले. पुढच्या वर्षी पिचर जॉन क्लार्कसन त्याच वाटेने, त्याच किमतीला. विकणारा कोण? अल स्पॉल्डिंग. ११ वर्षांपूर्वी आपल्या मर्जीने बॉस्टन सोडणारा पिचर आता शिकागोचा अध्यक्ष होता. तक्त्यावर त्याचं नाव निळ्यातही आहे आणि तांबड्यातही. मी ते दोन्हीकडे ठळक केलंय.

रंगामुळे इथे एक प्रश्न पडला. केली विकला गेला, पण त्याला जायचं नव्हतं असंही नाही. पैसे वाढून मिळाले. तरी तांबडाच ठेवला. सौदा त्याच्या संमतीने झाला असला तरी सौद्याचा मालक तो नव्हता.

१० डिसेंबर

१८८८–८९ ते १८९०–९१ हे तीन हिवाळे. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि त्याची खंत नाही.

ऑक्टोबर १८८८ मध्ये स्पॉल्डिंग दोन संघ घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला: ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्त, इटली, फ्रान्स, इंग्लंड. त्यात न्यूयॉर्कचा जॉन माँटगोमेरी वॉर्ड होता, वकिली शिकलेला आणि १८८५ पासून खेळाडूंच्या 'ब्रदरहुड' संघटनेचा पुढारी. तो समुद्रावर असताना मागे लीगने खेळाडूंची 'ए' ते 'ई' अशी प्रतवारी लावली. 'ए'ला २,५०० डॉलर, 'ई'ला १,५००, आणि प्रत ठरवताना वागणूकही बघायची. वॉर्ड दौरा अर्धवट टाकून परतला.

नोव्हेंबर १८८९ मध्ये ब्रदरहुडने उघडपणे सांगितलं की आम्ही आमची लीग काढतो. जानेवारी १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबने वॉर्डला रोखण्यासाठी कोर्ट गाठलं. कोर्टाने मनाईहुकूम दिला नाही. १८९० मध्ये प्लेअर्स लीगचे आठ संघ उतरले आणि नामवंत खेळाडू मोठ्या संख्येने तिकडे गेले. केलीला परत वळवायला स्पॉल्डिंगने १०,००० डॉलर पुढे केले असं सांगतात. केली साथीदारांना सोडून आला नाही. नॅशनल, प्लेअर्स आणि १८८२ पासून खेळणारी अमेरिकन असोसिएशन अशा तीन लीग एकाच वर्षी, सगळ्यांचंच नुकसान. पण हंगामानंतर खेळाडूंच्या बाजूचे भांडवलदार आधी गळाले आणि ती लीग एका वर्षात संपली.

तक्त्यात अडचण अशी की सगळे हिवाळे मी सारख्या रुंदीचे आखले होते. १८८९–९० मध्ये नावं मावेनात, १८८३–८४ अर्धा रिकामा. इंकस्केपमध्ये सगळे रकाने पुन्हा आखले: रुंदी घटनांप्रमाणे, वर्षाप्रमाणे नाही. वर एक बारीक पट्टी वर्षांची दिली म्हणजे गोंधळ नको.

१८९०–९१ मधली एक ओळ दिवसाचा रकाना रिकामा ठेवून गेली. फिलाडेल्फियाच्या क्लबने परतलेल्या लू बियरबाउअरचं नाव राखीव यादीत घातलंच नाही. पिट्सबर्गचा माणूस थंडीत ईरी तलावाकाठच्या प्रेस्क आइलवर, बर्फ तुडवत त्याच्या घरी पोचला आणि सही घेऊन आला, अशी कथा आहे. फिलाडेल्फियावाल्यांनी याला चाचेगिरी म्हटलं. पिट्सबर्गने तेच नाव लावून घेतलं, पायरेट्स.

१५ डिसेंबर

तक्ता १८६९ पासून सुरू होतो, तरी आज त्याच्या डावीकडे एक ओळ वाढवली. डिसेंबर १८६७, फिलाडेल्फिया: त्या वेळच्या हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवलं की ज्या क्लबात एकही कृष्णवर्णीय खेळाडू आहे त्याला सभासद करायचं नाही. तोही हिवाळ्यातल्या अधिवेशनातलाच निर्णय. पुढच्या ३५ वर्षांच्या जवळजवळ सगळ्या बदल्या, सगळे सौदे या दाराच्या आतले आहेत. ही ओळ नसती तर तक्ता खरा झाला नसता.

१९ डिसेंबर

शेवटचा भाग. बऱ्याच ओळी भराभर बसल्या. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकन असोसिएशन मोडली, तिचे चार क्लब घेऊन नॅशनल लीग १२ संघांची. १८९३ पासून पिचर आणि फलंदाजापुढची होम प्लेट यांच्यातलं अंतर ६० फूट ६ इंच. आमच्या मुलांना ही ओळ नक्की आवडेल, कारण ते अंतर आजही तेच आहे. १ जानेवारी १८९४ ला बाल्टिमोरने शिंडल आणि ट्रेडवे देऊन ब्रुकलिनकडून डॅन ब्राउथर्स आणि विली कीलर घेतले. १८९३ मध्ये आठवा असलेला संघ लागोपाठ तीन वर्षं विजेता.

एमोस रूसीपाशी थांबलो. न्यूयॉर्कचा हा पिचर दंडावरून मालकाशी भांडला आणि १८९६ चा अख्खा हंगाम घरी बसला. राखीव नियमात खेळाडूच्या हातात एवढंच उरलं होतं, न खेळणं. तो कोर्टात गेला तेव्हा बाकीच्या मालकांनी वर्गणी काढून त्याचे पैसे भागवले, कारण नियमाची कोर्टात परीक्षा कोणालाच नको होती. ही ओळ निळी. डिसेंबर १९०० मध्ये त्याच रूसीला सिनसिनाटीला देऊन न्यूयॉर्कने क्रिस्टी मॅथ्यूसन हा नवखा पोरगा घेतला. ही तांबडी. रूसी तिथे तीन सामने खेळून संपला. मॅथ्यूसनने न्यूयॉर्कसाठी ३७२ सामने जिंकले.

१८९८–९९ ला मात्र सूत्र पुन्हा भांबावलं. क्लीव्हलँड आणि सेंट लुइस दोन्हींचे मालक एकच, त्यांनी साय यंगसह चांगले खेळाडू उचलून सेंट लुइसला नेले आणि तिकडचे इकडे पाठवले. सूत्राला वाटलं दोन क्लबांची नावं बदलली. क्लीव्हलँड त्या वर्षी २०–१३४. पुढच्या हिवाळ्यात दोन्ही क्लबांत मालकी असलेल्या बार्नी ड्रायफसने लुइव्हिलचे होनस वॅग्नर आणि फ्रेड क्लार्क पिट्सबर्गला नेले, आणि १९०१ ते १९०३ नॅशनल लीगमध्ये पिट्सबर्ग विजेतं. मालकच एक असेल तर 'क्लब' असा तांबडा रंग पुरत नाही, म्हणून अशा ओळींना तांबड्यावर तिरक्या रेघा.

२४ डिसेंबर

छपाईचा नमुना आणला आणि मान खाली गेली. दुकानात फाइल कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत उघडली. तिथे मुक्ता फॉन्ट नव्हता, जोडाक्षरं फुटली, 'क्लब'चा 'क्‌लब' आणि 'हिवाळ्या'ची वेलांटी भलतीकडे. उपाय: इंकस्केपमध्ये सगळा मजकूर निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ', म्हणजे अक्षरांची चित्रं होतात, आणि मग पीडीएफ. त्यानंतर अक्षर बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

दुसरं, फ्लेक्सवर तांबडा आणि नारिंगी ट्यूबलाइटखाली एकच दिसतात. नारिंगी काढून लीगच्या ओळींना करडा रंग दिला.

२८ डिसेंबर

८ बाय ३ फूट, चौरस फुटाला २० रुपये, म्हणजे ४८० रुपये. नमुन्याचे १२० आणि वरखालच्या लाकडी पट्ट्यांचे १५० धरून ७५०.

उजवीकडचा शेवटचा रकाना १९०२–०३. १९०१ मध्ये अमेरिकन लीगने स्वतःला मोठी लीग म्हणवलं आणि नॅशनलचे खेळाडू फोडले; त्यात फिलाडेल्फियाचा नॅप लाजवेही होता, त्या वर्षी सरासरी .४२६. तिथे दोन वर्षं पुन्हा निळ्याची दाट पट्टी दिसते. १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लाजवेला जुन्या क्लबाखेरीज दुसरीकडे खेळण्यापासून अडवलं ती काळी ओळ. जानेवारी १९०३ ला सिनसिनाटीत दोन्ही लीगचा समझोता झाला, एकमेकांच्या राखीव याद्या मानायचं ठरलं, आणि पट्टी पुन्हा तांबडी.

पुढच्या आवृत्तीत १८८१–८२ नीट भरायचा आहे. २५ सेंटचं तिकीट, बिअर आणि रविवारचे सामने घेऊन अमेरिकन असोसिएशन आली तो हिवाळा आत्ता फार थोडक्यात उरकलाय. जोडतक्त्याची फाइल आणि सूत्रं क्लबच्या संगणकावर ठेवली आहेत. ज्याला १९०३ च्या पुढे न्यायचंय त्याने तिथून उचलावीत.